जुना राउटर, नवी जोडणी

ग्रामीण भागातील कारभार गेल्या काही वर्षांत इंटरनेटवर फार मोठ्या प्रमाणावर अवलंबून राहू लागला आहे. सातबाऱ्याचा उतारा, २०२१ साली राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी, शिष्यवृत्तीचे अर्ज, शाळेची ऑनलाइन माहिती, ग्रामपंचायतीतील आपले सरकार सेवा केंद्राचे दाखले, या सर्वांना चालू स्थितीतील जोडणी लागते. अमरावती जिल्ह्याचे १४ आणि अकोला जिल्ह्याचे ७ तालुके घेतले, तर परतवाडा, अकोट, मूर्तिजापूर यांसारख्या गावांत एकाहून अधिक कंपन्यांच्या तारा खांबांवरून गेलेल्या दिसतात. तेव्हा एका कंपनीची जोडणी सोडून दुसरीची घेणे, ही गोष्ट आता अपवादात्मक राहिलेली नाही. रस्त्याच्या कामात एकीची तार वारंवार तुटते, दुसरीचा मासिक दर कमी असतो, तिसरीचा कर्मचारी गावातच राहतो. कारणे अशी साधीच असतात.

जोडणी बदलली की एक वस्तू मागे उरते. ती म्हणजे जुन्या कंपनीचा राउटर. नवी कंपनी आपली पेटी बसविते आणि जुनी पेटी कपाटात जाते. चांगल्या स्थितीतील, दिवे लागणारी ही पेटी नव्या जोडणीवर का चालत नाही, असा प्रश्न मुख्याध्यापक, ग्रामसेवक आणि पंचायत सदस्य यांना पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर साधारणतः "ती लॉक आहे" एवढ्यावर संपविले जाते. हे उत्तर खोटे नाही, परंतु ते अपुरे आहे. कुलूप नेमके कोठे लागले आहे, हे समजले तर पुष्कळदा असे दिसून येते की पेटीचा निम्मा भाग बंद असला तरी निम्मा मोकळाच आहे.

पेटी एक, कामे तीन

ज्या वस्तूला आपण व्यवहारात राउटर म्हणतो, तिच्या पोटात वस्तुतः तीन निरनिराळी यंत्रे असतात. पहिले यंत्र बाहेरून येणाऱ्या तारेतील संकेत संगणकास समजेल अशा स्वरूपात आणते. फायबरच्या जोडणीत या भागास ओएनटी म्हणतात, तर तांब्याच्या टेलिफोन तारेवरील जोडणीत मोडेम. दुसरा भाग खऱ्या अर्थाने राउटर होय. बाहेरील एका जोडणीची वाटणी घरातील अनेक यंत्रांत करणे आणि प्रत्येकास अंतर्गत पत्ता देणे, हे त्याचे काम. तिसरा भाग वायफायचा, म्हणजे एक लहानसे नभोवाणी केंद्रच म्हणावयाचे.

कंपनीचे कुलूप मुख्यतः पहिल्या भागास आणि काही अंशी दुसऱ्या भागास असते. तिसरा भाग बहुधा मोकळा असतो. पुढील सर्व विवेचन या एका भेदावर उभे आहे, म्हणून तो वाचकांनी आरंभीच ध्यानात घ्यावा.

हजेरीपटावरील नाव

भारत संचार निगमाने जानेवारी २००५ मध्ये टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून ब्रॉडबँड सेवा सुरू केली, तेव्हा ही अडचण फारशी नव्हती. त्या पद्धतीचा मोडेम कोणत्याही दुकानातून आणावा, त्यात ग्राहकनाम व परवलीचा शब्द भरावा, की जोडणी सुरू होत असे. एक्स्चेंजला पेटी ओळखण्याचे कारण नव्हते. ग्राहकनाम ओळखले की पुरे होते.

फायबरची रीत वेगळी आहे. आज घरोघरी येणाऱ्या फायबर जोडण्यांत जीपॉन ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. हिच्यात कंपनीच्या केंद्रातून निघालेला काचेचा एकच धागा वाटेत विभाजकाद्वारे ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. केंद्राकडून घराकडे येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो आणि घराकडून केंद्राकडे जाणारा १३१०. केंद्राकडून निघालेला संदेश त्या धाग्यावरील सर्व घरांपर्यंत पोहोचतो, आणि प्रत्येक पेटी त्यातील आपल्या नावाचा तेवढाच भाग उचलते. उलट दिशेने सर्वांनी एकाच वेळी बोलून चालत नाही, म्हणून केंद्रातील यंत्र प्रत्येक पेटीला बोलण्याची वेळ नेमून देते. आता, ज्या पेटीची ओळखच पटलेली नाही तिला वेळ कशी नेमून द्यावयाची? यासाठी प्रत्येक ओएनटीला कारखान्यातच १२ अक्षरांचा अनुक्रमांक दिलेला असतो. त्यातील पहिली चार अक्षरे निर्मात्याची खूण असतात. हा क्रमांक केंद्रातील यंत्रात नोंदविला गेल्याशिवाय पेटी कामास लागत नाही.

शिक्षकांना हे सहज उमजेल. हजेरीपटावर नाव नसलेला मुलगा वर्गात येऊन बसला आणि त्याने कितीही मोठ्याने "हजर" म्हटले, तरी त्याची हजेरी लागत नाही. यात मुलाचा दोष नाही व वर्गाचाही नाही. नाव चढविण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे त्याने ते चढविले पाहिजे. तद्वत, जुनी पेटी नव्या कंपनीच्या धाग्याला जोडून भागत नाही. तिचा क्रमांक नव्या कंपनीने आपल्या केंद्रात नोंदविला पाहिजे. हे पहिले कुलूप पेटीत नसतेच, ते कंपनीच्या केंद्रात असते. बाजारातील कोणीही कारागीर पेटी उघडून ते काढू शकत नाही.

दुसरे कुलूप मात्र पेटीतच असते. पेटीत जी कायमची आज्ञावली भरलेली असते, ती पुष्कळदा कंपनीने आपल्या सोयीने बनवून घेतलेली असते. कोणत्या व्हीलॅन क्रमांकावर संपर्क साधावा, ग्राहकनाम व परवलीचा शब्द लागणारी पीपीपीओई पद्धत वापरावी की पत्ता आपोआप घ्यावा, दूरध्वनीचे पोर्ट असल्यास ते कोणत्या केंद्राशी बोलेल, या गोष्टी तीत आधीच भरून ठेवलेल्या असतात आणि त्या बदलण्याचा दरवाजा ग्राहकास दिसतही नाही. पेटीच्या तळाशी छापलेल्या नावाने व परवलीच्या शब्दाने आत गेले तर वायफायचे नाव बदलता येते, त्यापलीकडची पाने झाकलेली असतात. शिवाय टीआर-०६९ नावाची एक दूरनियंत्रण पद्धत असते. ही पद्धत २००४ साली निश्चित झाली. तिच्या साहाय्याने कंपनी आपल्या कार्यालयात बसून ग्राहकाच्या पेटीतील मांडणी बदलू शकते. दोष दुरुस्त करण्यास ही सोय निःसंशय उपयोगी आहे. हजारो घरी माणूस पाठविणे कोणासही शक्य नाही. परंतु तिच्यामुळे पेटी जुन्या धन्याचे ऐकण्याची सवय सोडत नाही, हेही खरे.

ही पेटी आपली आहे काय?

तांत्रिक खटपटीपूर्वी एक कागद शोधून काढावा. तो म्हणजे जोडणी घेतानाची पावती किंवा करारपत्र. पेटी विकत घेतली होती की अनामत ठेवीवर मिळाली होती, हे त्यावरून कळते. अनेक खाजगी कंपन्या पेटी ग्राहकाच्या घरी ठेवतात, पण तिची मालकी स्वतःकडे ठेवतात. "मोफत राउटर" हा जाहिरातीतील शब्द वाचून ती आपल्याला मिळाली असा समज करून घेणे चुकीचे ठरते. अशी पेटी जोडणी बंद करताना परत द्यावयाची असते आणि ती परत केल्याची पोच घेऊन अनामत रक्कम मागावयाची असते. कंपनीने दाद दिली नाही तर दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या तक्रार निवारण विनियमांनुसार प्रथम कंपनीच्या तक्रार केंद्राकडे आणि नंतर तिच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येते. तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवणे अगत्याचे आहे. त्यावाचून अपील उभे राहत नाही.

ग्रामपंचायतीच्या बाबतीत ही काळजी दुप्पट घ्यावी लागते. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केलेल्या आणि पुढे २०१५ पासून भारतनेट या नावाने चाललेल्या योजनेखाली, तसेच तिच्या दुसऱ्या टप्प्यात राज्याने हाती घेतलेल्या महानेट प्रकल्पाखाली, पंचायतींच्या इमारतीत जी ओएनटी पेटी बसविली गेली ती पंचायतीची मालमत्ता नव्हे. तार तुटून ती काही महिने बंद पडली, म्हणून ती काढून खाजगी जोडणीला लावण्याचा प्रयत्न कोणी करू नये. ती तेथे चालणार तर नाहीच, आणि तार दुरुस्त होईल त्या दिवशी जोडावयास पेटी जागेवर नसेल.

दिवे काय सांगतात

पेटी आपल्या मालकीची आहे असे ठरल्यावर ती नव्या जोडणीच्या जातीची आहे किंवा नाही हे पाहावे. तांब्याच्या तारेचा जुना मोडेम फायबरला कधीही लागणार नाही. तेथे फायबरचे छिद्रच नसते. फायबरच्या पेट्यांतही जीपॉन व ईपॉन अशा दोन जाती आहेत. लहान केबलचालकांपैकी काही ईपॉन वापरतात, आणि एका जातीची पेटी दुसऱ्या जातीच्या धाग्यावर बोलू शकत नाही. दोन्ही भाषा जाणणाऱ्या पेट्या आहेत, परंतु तसे तळाशी लिहिलेले असेल तरच मानावे. जोडाच्या रंगाकडेही लक्ष असावे. हिरव्या टोकाच्या जोडातील काच ८ अंशांनी तिरकी घासलेली असते, निळ्याची तशी नसते. हिरवा निळ्यात दाबून बसविला तर तो बसल्यासारखा वाटतो, पण प्रकाश वाया जातो आणि काचेला इजा होण्याचा संभव असतो.

मग नवा धागा लावून दिव्यांचे निरीक्षण करावे. लॉस असे लिहिलेला दिवा लाल झाला, तर प्रकाश पोहोचतच नाही. तार वा जोड तपासावा लागेल. तो विझलेला आहे पण पॉन हा दिवा लुकलुकत राहतो, तर प्रकाश येत आहे, पेटी "हजर" म्हणत आहे, पण हजेरीपटावर नाव नाही. पॉन स्थिर झाला व तरीही इंटरनेट येत नाही, तर क्रमांक नोंदला गेला आहे आणि अडचण आतील मांडणीत, म्हणजे व्हीलॅन किंवा ग्राहकनामात आहे. तक्रार नोंदविताना "नेट चालत नाही" असे मोघम सांगण्याऐवजी यांपैकी कोणती अवस्था आहे ते सांगितले, तर कर्मचाऱ्याची एक फेरी हमखास वाचते. धाग्याच्या उघड्या टोकात मात्र डोळा लावून पाहू नये. तेथील प्रकाश डोळ्यांस दिसत नाही, म्हणून तो निरुपद्रवी आहे असे नाही. शाळेत तर मुलांना हे आवर्जून सांगितले पाहिजे.

नव्या कंपनीला विचारावयाचा प्रश्न एकच: आमच्या पेटीचा अनुक्रमांक आपण नोंदवाल काय? भारत संचार निगमाच्या फायबर जोडणीवर ग्राहकाने स्वतः घेतलेला सुसंगत ओएनटी चालू शकतो. त्यांच्या वतीने काम पाहणारे स्थानिक भागीदार आणि स्वतंत्र लहान चालकही क्रमांक नोंदविण्यास बहुधा तयार असतात. मोठ्या खाजगी कंपन्या सामान्यतः आपलीच पेटी बसवितात आणि परकी नोंदवीत नाहीत. उत्तर नकारार्थी आले तर पहिल्या भागाचा विषय तेथे संपला असे समजावे.

येथे एक सूचना. आज्ञावली बदलून पेटी "अनलॉक" करून देण्याचे काम पैसे घेऊन केले जाते. ज्या राउटरला फायबर नव्हे तर साधी इथरनेट केबल लागते, त्यांच्यापैकी पुष्कळांसाठी ओपनडब्ल्यूआरटी ही मुक्त आज्ञावली २००४ पासून उपलब्ध आहे व ती उत्तम आहे. परंतु कंपन्यांनी दिलेल्या फायबरच्या पेट्यांपैकी बहुतेक तिच्या यादीत बसत नाहीत. अर्धवट भरलेली आज्ञावली पेटीला कायमची मुकी करते. पेटी कंपनीची असल्यास तिच्यात फेरफार करणे कराराचाही भंग होतो. नव्या, मोकळ्या राउटरची किंमत विचारात घेता शाळेने या वाटेस जाऊ नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

उरलेला निम्मा भाग

आता मोकळ्या भागाकडे वळू. शाळेच्या कार्यालयात नवी जोडणी आली आहे आणि तिसऱ्या वर्गखोलीत वायफाय पोहोचत नाही, ही अडचण जाड भिंतींच्या जुन्या इमारतींत फार आढळते. अशा ठिकाणी जुनी पेटी वायफायचे दुसरे केंद्र म्हणून उत्तम काम देते. यासाठी कोणत्याही कंपनीची परवानगी किंवा नोंद लागत नाही. पेटी आपल्या मालकीची असली म्हणजे झाले. फायबरचे छिद्र रिकामेच राहते.

कृती अशी. पेटीच्या पाठीमागील बारीक छिद्रात टाचणी घालून सुमारे १० सेकंद दाबून ठेवावी, म्हणजे जुनी मांडणी पुसली जाते. नंतर संगणक केबलने तिच्या लॅन पोर्टला जोडून तळाशी छापलेला पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१, ब्राउझरमध्ये उघडावा. प्रथम वायफायचे नाव व परवलीचा शब्द नव्या पेटीसारखेच ठेवावेत, म्हणजे मोबाइल खोली बदलताना आपोआप जवळच्या पेटीकडे वळतो. चॅनेल मात्र वेगळे घ्यावे. २.४ गिगाहर्ट्झमध्ये १, ६ व ११ ही एकमेकांना अडथळा न करणारी चॅनेले आहेत. मग पेटीचा स्वतःचा पत्ता बदलावा. नव्या पेटीचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर जुनीस १९२.१६८.१.२ द्यावा. बदल जतन झाला की नव्या पत्त्यावरून पुन्हा आत जाऊन डीएचसीपी ही सोय बंद करावी. हा क्रम उलटा केल्यास संगणक व पेटी यांचा संपर्क मध्येच तुटून गोंधळ होतो. अखेरीस नव्या पेटीच्या लॅन पोर्टातून निघालेली केबल जुनीच्या लॅन पोर्टात घालावी. वॅन लिहिलेल्या पोर्टात नव्हे. केबलची लांबी १०० मीटरच्या आत असावी.

डीएचसीपी बंद करण्यावर एवढा भर का, असे कोणी विचारील. ती सोय म्हणजे येणाऱ्या प्रत्येक यंत्राला पत्ता वाटणारा कारकून. एका कार्यालयात दोन कारकून परस्परांस न विचारता पत्ते वाटू लागले, की निम्म्या यंत्रांना बाहेरचा रस्ता चुकीचा सांगितला जातो. मग "गुरुजींच्या मोबाइलवर नेट चालते आणि संगणकावर चालत नाही" अशी विचित्र तक्रार येते, व दोष उगाच कंपनीच्या माथी मारला जातो. काही कुलूपबंद पेट्यांत डीएचसीपी बंद करण्याचे पानच झाकलेले असते, आणि काहींमध्ये फायबर नसल्यास वायफाय आपले स्वतःचे सूचनापृष्ठ दाखवीत बसते. अशी पेटी या कामास निरुपयोगी ठरते. म्हणून भिंतीत केबल टाकण्यापूर्वी टेबलावरच एक प्रयोग करून पाहावा.

ही रीत पंचायतीच्या इमारतीतील भारतनेटच्या पेटीलाही लावता येते. त्या पेटीस हात न लावता, संबंधितांच्या अनुमतीने तिच्या लॅन पोर्टातून केबल काढून बाजूच्या वाचनालयात किंवा अंगणवाडीत आपली मोकळी पेटी ठेवता येईल. मेळघाटात, जेथे धारणी तालुक्यातील हरिसाल २०१६ मध्ये डिजिटल गाव म्हणून पुढे आले, तेथील वस्त्यांत एकच चालू जोडणी अनेकांच्या उपयोगी पडणे किती महत्त्वाचे आहे, हे तेथे काम केलेल्या शिक्षकांना सांगावयास नको.

ऊन आणि वीज

वऱ्हाडातील उन्हाळ्याचा विचार कोणत्याही कंपनीच्या माहितीपत्रकात नसतो. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. टिनाच्या छपराखाली, तेही उंच फळीवर, ठेवलेली पेटी दुपारी वारंवार बंद पडते आणि संध्याकाळी आपोआप सुधारते. तिला खाली, सावलीच्या भिंतीला, भोकांवर कापड न झाकता ठेवावे. जुन्या पेटीचे अ‍ॅडॅप्टर हरवले असल्यास मिळेल ते लावू नये. पेटीवर लिहिलेले व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा अधिक चालतात. मृगाच्या पहिल्या पावसात तांब्याच्या तारेवरील मोडेम विजेने जळत असत. काचेचा धागा वीज वाहून नेत नाही, हा फायबरचा मोठा लाभ होय. परंतु दोन इमारतींमधून उघड्यावर टाकलेली इथरनेट केबल तांब्याचीच असते, आणि विजेचे कनेक्शन तर असतेच. गडगडाट सुरू होताच दोन्ही काढून ठेवावीत.

सुरक्षिततेचा मुद्दाही असाच दुर्लक्षित राहतो. जुनी कंपनी सोडली की पेटीस तिच्याकडून मिळणाऱ्या सुधारणा बंद होतात. नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत सुमारे ९ लाख घरांतील राउटर एका हल्ल्यामुळे विस्कळीत झाले, आणि तो हल्ला दूरनियंत्रणाच्या उघड्या राहिलेल्या दारातूनच झाला होता. यास्तव जुनी पेटी सरळ बाहेरच्या जोडणीवर मुख्य राउटर म्हणून लावण्यापेक्षा नव्या पेटीच्या आड वायफाय केंद्र म्हणून ठेवणे अधिक इष्ट. तळाशी छापलेला व्यवस्थापनाचा परवलीचा शब्द बदलावा. तो पेटीवर चिकटवून ठेवू नये, नोंदवहीत लिहावा.

ग्राहकाने आपल्या पसंतीची पेटी लावावी की कंपनीची, हा वाद जगात जुना आहे. अमेरिकेत १९६८ च्या कार्टरफोन निर्णयाने टेलिफोनच्या जाळ्याला परके उपकरण जोडण्याचा मार्ग खुला झाला. जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून ग्राहकास स्वतःचा राउटर वापरण्याचा हक्क कायद्याने मिळाला, आणि कंपन्यांना जोडणीची आवश्यक माहिती देणे भाग पडले. आपल्याकडे नियामक प्राधिकरणाने एप्रिल २०२० मध्ये दूरचित्रवाणीच्या सेट-टॉप बॉक्ससंबंधी अशाच स्वरूपाची शिफारस केली होती. कोणत्याही चालकाची सेवा एकाच पेटीवर मिळावी, असा तिचा आशय होता. राउटरलाही तेच तत्त्व लागू होण्यासारखे आहे, आणि पंचायतींनी नवी जोडणी घेताना आपल्या बाजूने ही मागणी लेखी करण्यास हरकत नाही. मागणीपत्रात पेटीची मालकी कोणाची, क्रमांक नोंदणीची तयारी आहे काय, व जोडणी सोडताना ठेव किती दिवसांत परत मिळेल, ही तीन वाक्ये पुरेशी आहेत.

विकत घेतलेल्या पेटीची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत अनुक्रमांकासह करावी, आणि अनामत ठेवीवर आलेली पेटी वेगळ्या पानावर, ठेवीच्या पावतीच्या क्रमांकासह लिहावी. मुख्याध्यापक किंवा ग्रामसेवक बदलून गेल्यावर कोणती पेटी परत द्यावयाची आणि कोणती ठेवून घ्यावयाची, हे नव्या माणसास दुसरे कोण सांगणार? जी पेटी कोणत्याच कामास उरली नाही, ती भंगारवाल्याच्या पोत्यात टाकू नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांत मोडेम व राउटर यांचा समावेश असून, त्यांच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकांवर आहे. ती नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे द्यावी, आणि देण्यापूर्वी टाचणीने मांडणी पुसण्याचे विसरू नये. शाळेच्या वायफायचा परवलीचा शब्द तोपर्यंत तिच्या स्मरणात तसाच असतो.